तेराशे सीसी, चार सिलिंडर

आमच्या घरात डिझेल इंजिनावर बोलणारा माणूस एकच होता, माझा नवरा. मानपाड्याच्या एमआयडीसीत रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात ते मेंटेनन्सला होते. लाइट गेली की जनरेटर चालू करायचा, आणि तो चालू झाला नाही तर का होत नाही ते शोधायचं, यात त्यांची सत्तावीस वर्षं गेली. मी ठाण्याला एका कॉलेजच्या ग्रंथालयात. दिवसभर ते आवाजात आणि मी शांततेत. संध्याकाळी त्यांना बोलायचं असायचं, मला नसायचं.

गाडी आम्ही जुनी घेतली, एका डॉक्टरांनी सहा वर्षं वापरलेली. डिझेलचीच हवी हा त्यांचा हट्ट. घरी आणल्यावर पहिल्या रविवारी ते मला खाली पार्किंगमध्ये घेऊन गेले, बॉनेट उघडलं आणि शाळेतल्या मुलाने कविता म्हणावी तसं सुरू झाले.

"तेराशे सीसी. चार सिलिंडर. पंच्याहत्तर हॉर्सपॉवर. आणि टॉर्क बघ, दोन हजार आरपीएमलाच एकशे नव्वद."

"म्हणजे काय?"

"म्हणजे चढाला सारखा गिअर बदलावा लागत नाही."

"मग तसं सांगा ना."

ते हसले नाहीत. गाडीच्या बाबतीत ते हसायचे नाहीत. पेट्रोलला ठिणगी लागते, डिझेलला लागत नाही, हवाच इतकी दाबायची की ती तापते आणि डिझेल तिच्यात गेलं की आपसूक पेटतं, म्हणून आवाज करतं, हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल! मी दर वेळी हूं म्हणायचे. त्यांचे काही नियम होते. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर स्प्रिंगसारखा एक पिवळा दिवा लागतो, तो विझल्याशिवाय स्टार्टर मारायचा नाही. लांबून आलं की लगेच बंद करायचं नाही, मिनिटभर तसंच चालू ठेवायचं, टर्बोला तेल मिळू द्यायचं. आणि ऑइल पुस्तकात लिहिलंय त्याच्या कितीतरी आधी बदलायचं. "डिझेलचं ऑइल काजळीने खराब होतं. वरून कळत नाही," असं म्हणून ते डिपस्टिक बाहेर काढत, फडक्याने पुसत, परत घालत आणि उजेडात धरून बघत बसत. मी वर खिडकीतून हाक मारायचे, भाजी गार होतेय म्हणून.

एका सकाळी दाढी करता करता त्यांनी मला हाक मारली. हाक मारली म्हणजे आवाज आला. माझं नाव नव्हतं त्यात, कुठलाच शब्द नव्हता. मी गेले तर ते बेसिनला धरून उभे होते, अर्ध्या गालावर फेस, आणि उजवा हात खाली लोंबत होता. माझ्याकडे बघत होते, जणू मीच काहीतरी केलं होतं.

डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी. जीव वाचला. उजवा पाय महिन्याभरात थोडा चालायला लागला, हात तसाच राहिला. पण बोलणं गेलं. समजत होतं सगळं, निदान बरंचसं. पेपर समोर धरला तर डोळे ओळीवरून फिरायचे. पण तोंड उघडलं की एक तर काहीच नाही, नाहीतर "ना, ना, ना". हो म्हणायचं असलं तरी "ना"च. आधी मला राग यायचा, मग रडू यायचं, मग दोन्ही बंद झालं.

ठाण्याला नौपाड्यात एक स्पीच थेरपिस्ट होती, तिशीतली मुलगी, शांत. आठवड्यातून दोनदा या म्हणाली. बंगळुरूहून आमच्या मुलीने फोनवर सांगितलं, "आई, कॅब कर. उगाच गाडी काढत बसू नकोस." मी पहिल्या दोन्ही वेळा कॅबच केली. दुसऱ्या वेळचा ड्रायव्हर बोलका होता. "काका, तब्येत काय म्हणते? कुठे निघालात? रिटायर झालात का?" असं विचारत राहिला, मी उत्तरं देत राहिले, आणि ह्यांनी मान दरवाज्याकडे वळवली ती घर येईपर्यंत इकडे केली नाही. तिसऱ्या वेळी मी कॅब बोलावली तर ते लिफ्टमधून उतरून खालच्या पायरीवरच बसले. उठेनात. मग मी पार्किंगमधल्या आमच्या गाडीकडे बोट दाखवलं. तेव्हा उठले.

लायसन्स माझ्याकडे पंधरा वर्षं होतं, गाडी मी पंधरा वेळासुद्धा चालवली नसेल. अडीच महिने उभी राहून बॅटरी बसलेली. मानपाडा रोडला ह्यांचा एक ओळखीचा गॅरेजवाला होता, साठीच्या पुढचा आगरी माणूस. जिथे त्याचं गॅरेज आहे तिथे पूर्वी त्याच्याच घरची भातशेती होती, आता मागे वीस मजली टॉवर उभा आहे. तो येऊन बॅटरी बदलून गेला. त्याच्या बोलीत 'तुम्ही' नाहीच, सगळ्यांना 'तू'.

"वहिनी, तू चालवशील ना नक्की?"

"चालवायलाच लागेल."

"मग चालव. घाबरू नको. गाडी साहेबाने जीवासारखी ठेवलीय."

पुढचे चार रविवार मी एमआयडीसीतल्या आतल्या रस्त्यांवर सकाळी सकाळी शिकले. कारखाने बंद, रस्ते रुंद, कुत्री आणि मी. हे शेजारी बसायचे. क्लच चुकला की डाव्या हाताने स्वतःच्या मांडीवर हळूच थाप मारायचे. एवढंच. बोलता येत होतं तेव्हा त्यांनी मला गाडी शिकवायचा प्रयत्न केला होता, तो पंधरा मिनिटांत भांडणावर संपला होता. त्या चार रविवारांत भांडण झालं नाही. मला आठवतं, शेवटच्या रविवारी मी रिव्हर्स घेऊन गाडी एका फटक्यात लावली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. आजारपणातला तो एकच दिवस मी सुखाचा म्हणून वेगळा काढू शकते.

मग आमच्या ठाण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. मानपाडा, शीळ रोड, शीळफाटा, मुंब्रा बायपास, कळवा. ट्रकांच्या मधून दुसऱ्या गिअरमध्ये रांगत जायचं, रांगत यायचं. आणि महिनाभरात गाडीने त्रास द्यायला सुरुवात केली. सकाळी पहिल्या स्टार्टला घर्र घर्र करून थांबायची, चौथ्या-पाचव्या वेळी पांढरा धूर सोडून उठायची. गॅरेजवाल्याने चारही ग्लो प्लग काढून दाखवले, पेन्सिलीएवढे, टोकं जळालेली. "ही सिलिंडर गरम करतात. ह्यातली दोन मेली." ते बदलले. पंधरा दिवसांनी बायपासच्या चढाला गाडी ओढेनाशी झाली. अॅक्सिलरेटर दाबला की मागे काळा धूर आणि पुढे काही नाही. मागचे ट्रकवाले हॉर्न देत होते, मला घाम फुटला होता. तेव्हा गॅरेजवाल्याने धूर परत इंजिनात फिरवणारा एक व्हॉल्व्ह काढला आणि फडक्यावर ठेवला. आत डांबरासारखी काजळी जमलेली, बोट जाईल एवढंही भोक उरलं नव्हतं.

"ही गाडी पळवावी लागते, वहिनी. डिझेलला हळू चालवलं की आत काजळी धरते. साहेब दर रविवारी हिला नाशिक हायवेला घेऊन जायचा, ते फिरायला नाय जायचा. काजळी जाळायला जायचा."

मला वाटायचं ते घरी बसून कंटाळतात म्हणून जातात. मी कधी बरोबर गेले नव्हते.

त्याच दिवशी बॉनेट लावताना तो म्हणाला, "ऑइल पण आलंय बदलायला. करू का? दोन तास लागतील." साडेदहाची अपॉइंटमेंट होती, आणि थेरपिस्टची वेळ एकदा चुकली की भरून मिळायची नाही. मी म्हटलं, पुढच्या वेळी करू. तो म्हणाला, "लय लांबवू नको." मी लांबवलं. मुद्दाम नाही. त्यांची औषधं, फिजिओथेरपी, कॉलेजातली अर्ध्या दिवसाची रजा, घरी भांडी. ऑइल डोक्यातून निघून गेलं.

थेरपीत तीन महिने काहीच होत नव्हतं. ती चित्रं दाखवायची, केळं, घड्याळ, चप्पल. हे चित्राकडे बघायचे, घाम यायचा, "ना". एकदा तिने मला विचारलं, "काकू, काकांना काही पाठ होतं का? गाणं, आरती, पाढे? पाठ असलेलं कधी कधी वेगळ्या वाटेने बाहेर येतं." आरती मी घरी म्हणून बघितली होती, ते देवाचे नव्हतेच कधी. पाढेही झाले होते. मी नाही म्हणणार होते. मग मला काय सुचलं, मी त्यांच्याकडे वळून म्हटलं, "तेराशे..."

ते माझ्याकडे बघत राहिले.

"तेराशे," मी परत म्हटलं.

"सीसी," ते म्हणाले.

स्पष्ट. त्यांच्याच आवाजात. थेरपिस्टने हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"चार..."

"सिलिंडर."

"पंच्याहत्तर..."

"हॉर्स," ते म्हणाले, आणि पुढचं अडकलं, पण तोंड हलत होतं, शब्द शोधत होतं. थेरपिस्ट म्हणाली, "काकू, परत. पहिल्यापासून." आम्ही ते सात वेळा केलं. सातव्या वेळी "हॉर्सपॉवर" पूर्ण आलं. परतीच्या वाटेवर कळव्याच्या सिग्नलला मी एकटीच रडत होते आणि ते शेजारी बसून म्हणत होते, "सीसी. सिलिंडर. सीसी. सिलिंडर." मी मुलीला त्यांच्यासमोरच फोन लावला. "ऐक, बाबा बोलतायत." पलीकडे तीही रडली.

हा आनंद फार टिकला नाही. शब्द आले, पण कुठे वापरायचे ते आलं नाही. 'सिलिंडर' हा शब्द त्यांच्या तोंडात बसला आणि हलेना. पाणी हवं असलं तरी सिलिंडर, पंखा लावायचा असला तरी सिलिंडर. एकदा शेजारच्या वहिनी घरी आल्या होत्या, ह्यांनी पाण्याच्या ग्लासकडे बोट करून "सिलिंडर, सिलिंडर" चालवलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, गॅस संपलाय का तुमचा?" आम्ही दोघी हसलो. ते आत निघून गेले. थेरपिस्ट म्हणाली, असं होतं, एका शब्दावर गाडी अडते, त्यांना दुरुस्त करत बसू नका, नेमकं काय म्हणायचंय ते हातवाऱ्यांवरून ओळखा. मी ओळखायला शिकले. म्हणजे मला वाटत होतं, मी शिकले.

एप्रिल संपता संपता त्यांनी गाडीत बसायला कुरकुर सुरू केली. मी किल्ली फिरवायचे, दिवा विझायची वाट बघायचे, स्टार्ट करायचे, आणि हे लगेच माझ्या हातावर डावा हात ठेवायचे. "सिलिंडर. सिलिंडर." मग डाव्या हाताचं बोट हवेत गोल गोल फिरवायचे, पुढे काचेकडे दाखवून. मला वाटलं, त्यांना फिरायला जायचंय. पूर्वीसारखं, हायवेला, एक मोठा फेरा. मी म्हणायचे, "हो, जाऊ या रविवारी. आता थेरपीला उशीर होतोय." ते मान जोरात हलवायचे. परत गोल गोल. मी गिअर टाकायचे.

पुढच्या रविवारी मी खरंच त्यांना पडघ्यापर्यंत नेऊन आणलं. वाटलं, खूश होतील. ते पूर्ण वेळ डॅशबोर्डवर तळहात ठेवून बसले होते, एखाद्याचा ताप बघावा तसे. घरी आल्यावर परत तेच, बोट गोल गोल, "सिलिंडर." मी म्हटलं, "अहो, आत्ताच तर जाऊन आलो!"

त्यांनी मोठा आवाज काढला, शब्द नसलेला. पार्किंगमध्ये वॉचमन बघत होता.

हे तीन आठवडे चाललं. मला गाडीत काही वेगळं जाणवत नव्हतं. खरं सांगायचं तर पहिल्या स्टार्टला काहीतरी खुळखुळल्यासारखं व्हायचं, डब्यात नाणी हलवावीत तसं, आणि दोन-तीन सेकंदांत बंद व्हायचं. मला वाटलं जुनी गाडी आहे, डिझेल आहे, आवाज करणारच. त्यांनीच सांगितलं होतं ना, म्हणून आवाज करतं. मी गॅरेजवाल्याला फोनसुद्धा केला नाही. गाडी सुरू होत होती, चढत होती, धूर नव्हता. मला एवढंच कळत होतं की ते थेरपीला यायला नाही म्हणतायत, आणि त्याचं कारण मी ठरवून टाकलं होतं. ते हरले. त्यांना आता प्रयत्न करायचा नाहीये.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी त्यांनी दरवाजाच धरून ठेवला. गाडीचा नाही, लिफ्टचा. मी आतून ओढत होते, ते बाहेरून. सव्वानऊ वाजले होते. मी तेव्हा जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, "इतकी वर्षं तुमचंच ऐकत आले. आता तुम्हाला बोलता येत नाही, तर निदान मला माझं करू द्या."

त्यांनी दरवाजा सोडला.

वॉचमनने त्यांचा उजवा पाय उचलून गाडीत ठेवला. मी स्टार्ट केली. त्या दिवशी खुळखुळ दोन सेकंदांत थांबली नाही, जरा जास्त वेळ चालली. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला नाही. बोटही फिरवलं नाही. समोर बघत बसले.

शीळफाट्याच्या अलीकडे, उताराला, पुढे एक कंटेनर होता. खटकन आवाज झाला, मग पत्र्याचा डबा दगडावर आपटत जावा तसे चार-पाच आवाज, आणि एकदम शांत. मला पहिल्यांदा काय झालं तेच कळलं नाही. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागले. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. ब्रेक दाबला तर पहिल्यांदा लागला, दुसऱ्यांदा भिंतीला पाय टेकवावा तसा घट्ट, दबेना. मी दोन्ही पाय त्यावर ठेवले. ह्यांनी डाव्या हाताने मधला हँडब्रेक धरला. उजवा हात निकामी, म्हणून सगळं अंग वळवून, माझ्या अंगावर जवळजवळ आडवे होऊन, थोडा थोडा ओढत आणला. गाडी कंटेनरच्या मागे, हातभर अंतरावर थांबली.

मागून हॉर्न सुरू झाले. मी किल्ली फिरवायला गेले, तर त्यांनी ती काढून घेतली आणि मुठीत धरून ठेवली.

दोन ट्रकवाल्यांनी ढकलून गाडी कडेला लावली. ऊन मी म्हणत होतं. सावली कुठेच नव्हती, एका टपरीचं निळं ताडपत्रीचं छप्पर होतं, तिथे मी त्यांना बसवलं. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. टपरीवाल्याने न विचारता पाणी दिलं. गॅरेजवाला टोइंगची गाडी घेऊन यायला दीड तास लागला, तेवढा वेळ आम्ही दोघं एका बाकावर बसलो आणि मी एकदाही म्हटलं नाही की चूक झाली. मला तेव्हा माहीतच नव्हतं.

ते कळलं दुसऱ्या दिवशी. गॅरेजवाल्याने पुढचं कव्हर उघडलं होतं. मला बोलावलं आणि म्हणाला, "ये, बघ. बघितल्याशिवाय नाय समजणार."

सायकलच्या चेनपेक्षा थोडी मोठी एक चेन होती, सैल पडून एका बाजूला लोंबत होती.

"ही टायमिंग चेन. खालचं चाक फिरलं की वरचं फिरवते. पिस्टन कधी वर येईल नि व्हॉल्व्ह कधी उघडेल, सगळा मेळ हीच ठेवते. हिला ताणून धरणारा एक टेन्शनर असतो, तो ऑइलच्या प्रेशरवर चालतो. ऑइल झालं खराब, प्रेशर पडलं, चेन सैल झाली. मग घसरली दाते सोडून. पिस्टन वर आलं, व्हॉल्व्ह उघडेच. ठोकले एकमेकांना. सगळे वाकले, वहिनी. पिस्टन पण गेलं."

"आधी काही कळलं असतं का?"

"कळतं की. सकाळी पहिल्यांदा चालू केली की खुळखुळते. दोन-चार सेकंद. मग ऑइल चढलं की गप होते. महिना, दीड महिना आधीपासून वाजत असंल." त्याने फडक्याला हात पुसले. "साहेबाला आयकू आलं नाय? त्याला तर चेन वाजली तर झोपेत कळंल."

त्याने चेन कशी फिरते ते सांगायला बोट उचललं होतं, आणि ते बोट हवेत गोल गोल फिरत होतं.

मी बाहेर आले. मानपाडा रोडला रिक्षा उभ्या होत्या, त्यातली एक पकडून घरी गेले. हे गॅलरीत बसले होते. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हटलं, "चेन होती. तुम्ही चेन म्हणत होतात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मला कळलं नाही हो. मला वाटलं, फिरायला जायचंय. गॅरेजवाल्याला एक फोन करायला हवा होता, तोही मी केला नाही. माझं चुकलं."

मला वाटलं होतं ते रडतील, किंवा चिडतील, किंवा डोक्यावर हात ठेवतील. त्यांनी काहीच केलं नाही. थोडा वेळ माझ्याकडे बघून ते परत रस्त्याकडे बघायला लागले. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

इंजिन उघडून नवं करायचं म्हटलं तर गाडीच्या किमतीच्या वर जात होतं. गॅरेजवाला स्वतःच म्हणाला, "नको करू." ते पुसून पुसून जपलेलं इंजिन त्याने तसंच अर्धं उघडं ठेवलं, भंगारवाला येईपर्यंत. गाडी नेली त्या दिवशी मी ह्यांना विचारलं, खाली यायचंय का. ते आले नाहीत.

आम्ही थेरपीला कॅबने जायला लागलो. आता ते विरोध करायचे नाहीत. ड्रायव्हर बोलला तरी नाही, न बोलला तरी नाही. मी धरून बसवेन तिथे बसायचे. थेरपीत मी "तेराशे" म्हटलं की ते माझ्याकडे बघायचे आणि गप्प राहायचे. थेरपिस्टने चार-पाच बैठका प्रयत्न केला. मग ती मला बाहेर घेऊन म्हणाली, "काकू, पहिल्या सहा महिन्यांत जे यायचं ते येतं, पुढे कमी होत जातं. असं बऱ्याच जणांचं होतं. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका." मी तिला गाडीचं सांगितलं होतं, म्हणून ती असं म्हणाली. ती म्हणते ते खरं असेल. तिने शेकडो माणसं पाहिली आहेत, मी एकच. पण मी रोज त्या एका माणसासमोर जेवायला बसते, आणि मला माहीत आहे की एप्रिलमध्ये हा माणूस मला काहीतरी सांगण्यासाठी धडपडत होता, आणि जूनमध्ये धडपडत नव्हता.

याला आता दोन वर्षं होतील. 'सिलिंडर' गेलं. बोटाने दाखवणंही गेलं. "ना" आहे, तेही क्वचित. मी नोकरी सोडली. मुलगी वर्षातून दोनदा येते, त्यांच्या हातात हात घालून बसते, आणि जाताना मला सांगते की तूही जरा स्वतःकडे बघ.

एक सवय मात्र मला लागली. त्यांनी कशालाही नाही म्हटलं, किंवा नुसती मान जरी फिरवली, तरी मी हातातलं काम टाकते आणि कारण शोधते. मागच्या आठवड्यात त्यांनी सलग तीन दिवस दूध घेतलं नाही. कप ओठाला लावला की मान बाजूला. मी दुधाची पिशवी बदलली. पातेलं बदललं. स्वतः पिऊन बघितलं, एकदा गरम, एकदा गार. साखर कमी केली, मग जास्त केली. दात बघितले, घसा बघितला, टॉर्च घेऊन. कप नवा काढला. औषधाच्या चिठ्ठ्या काढून परत वाचल्या. डॉक्टरांना फोन केला. काहीही निघालं नाही.

"का नको? सांगा ना," मी म्हटलं. "या वेळी मी ऐकेन."

ते माझ्याकडे बघत होते. बराच वेळ. त्यात काही होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही. मग त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मी दूध आत नेऊन ओतून दिलं.